प्रशिक्षण झाले, माग कोणाच्या हाती?

प्रशिक्षणाने कामगिरी सुधारते म्हणतात. आम्ही विचारतो, प्रशिक्षणानंतर यंत्रावर कोण उभे राहते?

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खाते बंद होते. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. त्याचा सवर्ण कामगारांना विटाळ! मजुरी मात्र तिथेच जास्त. माग मागावरच शिकता येतो. दार बंद, तर कौशल्य येणार कुठून? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे १९४२ ते १९४६ ते मजूरमंत्री होते. तंत्रप्रशिक्षण त्यांच्याच खात्याकडे होते.

आज नांदेड-लातूरच्या आयटीआयमधून निघालेला आपला फिटर कंत्राटी हमालीला लागला, तर शिकलेला हात गंजतो. कारखान्याकडे खातेनिहाय नेमणुकांची यादी मागू या, प्रमाणपत्रांची नको.