तळटीप : कंपवात आणि डोपामिन

१. कंपवात : होळीच्या बाजारात बसणाऱ्या ज्या आजोबांचे चित्र लेखकाने काढले आहे, त्यांचा हात मांडीवर विसावलेला असतानाच थरथरतो. पार्किन्सनच्या आजाराचे हे ठळक लक्षण. मध्यमेंदूतल्या एका काळसर पट्ट्यातील, डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशी यात मरत जातात. त्या ऱ्हासात खुद्द डोपामिनचाही वाटा असावा, असे अनेक संशोधक मानतात. पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांत ते निर्धोक असते. बाहेर मोकळे राहिले की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन ही विषारी संयुगे तयार होतात आणि ती अल्फा-सिन्युक्लिन प्रथिनाला चिकटतात. अर्थात हे एकमेव कारण नव्हे, कारण शेजारच्याच दुसऱ्या डोपामिन-पेशी बऱ्याच अंशी वाचतात. आजोबांना घरचे लोक खाजकुइलीचे बी देतात, त्यातही तथ्य आहे. त्या बियांत लेवोडोपा असते, म्हणजे मेंदूत ज्याचे डोपामिन बनते ते द्रव्य, जे या आजारावर गोळ्यांतूनही देतात; मुंबईच्या अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी १९७८ साली त्यावरचा रुग्ण-अभ्यास प्रसिद्ध केला. मात्र घरी कुटलेल्या पुडीत मात्रेचा भरवसा नाही. आणि लेवोडोपाने पेशी लवकर मरतात या भीतीपोटी गोळ्या टाळणाऱ्यांसाठी मुद्दाम नोंदवतो : माणसांत तसा पुरावा मिळालेला नाही. — संपा.