एकच पाठ : भातखंडे आणि बंदिशींचे संपादन

१९१९ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. त्याच सुमारास मुंबईत विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ‘क्रमिक पुस्तक मालिके’साठी बंदिशी स्वरलिपीत बांधत होते. परस्परांशी न जुळणाऱ्या परंपरांतून ग्राह्य पाठ कोणता मानावा, हा प्रश्न दोन्हीकडे होता. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्याज्य पाठही तळाशी नोंदवले. भातखंडे यांनी एकच पाठ छापला आणि बहुधा तो कोणाच्या गळ्यातून आला हेही सांगितले नाही.

भातखंडे पेशाने वकील. साक्षीचे मोल त्यांना शिकवावे लागले नसते. रावजीबुवा बेलबागकरांचे ध्रुपद, जयपूरच्या महंमद अली खाँ व आशक अली खाँ यांचे ख्याल, रामपूर दरबारातील विद्या हे सारे त्यांनी स्वतः मिळवले होते. परंतु त्यांना पाठ्यपुस्तक हवे होते, आणि पाठ्यपुस्तकाला पाठभेद मानवत नाहीत. येथेच त्यांच्या संपादनाची मर्यादा आहे. हस्तलिखितातील फरक हा पुष्कळदा लेखकाचा प्रमाद असतो; गायकाच्या मुखातील फरक हा घराण्याचा अधिकारही असू शकतो. तो गाळला की संहिता शुद्ध होत नाही, परंपरा अरुंद होते.

शिवाय विलंबित, मध्य, द्रुत एवढ्या शब्दांपलीकडे ही स्वरलिपी लयीचे माप देत नाही. पुढे ख्यालाची विलंबित लय कितीतरी संथ झाली. बारा मात्रांचा तोच छापील एकताल आज वेगळ्याच कालावकाशात गायिला जातो. पुस्तक हाती धरून जुने गायन उभे राहील, ही समजूत त्यामुळे फसवी ठरते. युरोपात आर्नोल्ड डॉल्मेच यांनी १९१५ च्या ग्रंथात सतराव्या-अठराव्या शतकांतील वादनप्रथा जुन्या शास्त्रग्रंथांवरून शोधल्या, कारण त्यांना विचारण्यासारखा कोणी जिवंत नव्हता. भातखंडे यांच्यासमोर साक्षीदार प्रत्यक्ष बसून गात होते.

उरतो ध्वनिमुद्रिकांचा आधार. अब्दुल करीम खाँ यांचा आवाज १९०५ पासून तबकड्यांवर आहे, पण तीन-साडेतीन मिनिटांत कोंबलेला. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचा तर नाहीच. तरीही ‘क्रमिक’मधील एखादी चीज आणि तिची उपलब्ध जुनी मुद्रणे समोरासमोर ठेवून, स्वरवाक्यागणिक फरक तळटीपांत मांडणे शक्य आहे. सुकथनकरी शिस्तीची तशी आवृत्ती निघाली, तर गायकालाही आपण नेमका कोणाचा पाठ गातो आहोत, हे कळेल.