पणजोबांच्या नावापुढचा रकाना

आमच्या बीड जिल्ह्यात ‘वंशावळ’ हा शब्द पूर्वी दोनच ठिकाणी ऐकू यायचा. एक, जमिनीच्या वाटणीत आणि दुसरा, कीर्तनात. 2023 पासून तो अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या तोंडी आहे. बारावीचा निकाल लागला, भरतीची जाहिरात निघाली की घरात पहिला प्रश्न येतो, पणजोबांचं नाव काय होतं? आणि लगेच दुसरा, त्यांच्या नावापुढे काय लिहिलंय?

मी मोडी शिकलो ती हौस म्हणून. आमचं गाव गेवराई तालुक्यातलं. 2023 च्या दिवाळीनंतर जुन्या नोंदींचे स्कॅन जिल्ह्याच्या संकेतस्थळावर यायला लागले आणि माझ्या व्हॉट्सॲपवर पिवळ्या कागदांचे फोटो यायला लागले. ‘दादा, एवढं वाचून सांग ना.’ असे कागद वाचता वाचता जे कळलं, ते इथे मांडतो.

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 च्या नोव्हेंबरात तो मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे तुमच्या-माझ्या पणजोबांचा जन्म एका राज्यात, लग्न त्याच राज्यात आणि म्हातारपण तिसऱ्याच राज्यात. राज्यं बदलली तशी कागदाची भाषाही बदलली. आधी फारसी, मग उर्दू. गावपातळीवर मोडी मराठी, आणि नंतर देवनागरी. वर्षसुद्धा आपलं नव्हे, फसली. त्यात 590 मिळवले की इसवी सन साधारण हाती लागतं. फसली 1340 म्हणजे 1930-31.

गावांची नावंही वेगळी होती. जुन्या दप्तरात अंबाजोगाई शोधत बसलात तर सापडणार नाही, तिथे ‘मोमिनाबाद’ लिहिलेलं असतं. शिवाय संस्थानाचा मोठा भाग जहागिरींचा होता. तिथला कारभार जहागिरदाराची माणसं बघायची आणि दप्तरही त्यांच्याकडेच असायचं. 1949 मध्ये जहागिरी गेल्या. एखाद्या गावाचे कागद पन्नास वर्षं मागे नेता येतात आणि शेजारच्या गावाचे येत नाहीत, याचं एक कारण हे आहे.

आता रकान्याकडे येऊ. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबर 2023 मध्ये नेमली गेली. मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांच्या पूर्वजांची ‘कुणबी’ अशी नोंद आहे का, हे तिने पाहायचं होतं, कारण कुणबी ही जात राज्याच्या ओबीसी यादीत आहे. पहिल्या टप्प्यात सुमारे 1 कोटी 73 लाख कागद तपासले गेले आणि 11,530 नोंदी मिळाल्या, असं सरकारने सांगितलं. म्हणजे साधारण दीड हजार कागदांमागे एक. पुढे शोध वाढला तसा आकडाही वाढला.

हे कागद कोणते, ते बघण्यासारखं आहे. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, वसुली बाकी, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंदवही. तुरुंगाची आणि पोलिसांची रजिस्टरंसुद्धा. यातलं एकही तुमची जात सिद्ध करायला लिहिलेलं नव्हतं. कुणाला सारा वसूल करायचा होता, कुणाला पोरगं शाळेत घालायचं होतं, कुणाला चोर पकडायचा होता. जात जाता जाता लिहिली गेली, कधी पूर्ण, कधी नुसतं आद्याक्षर.

वाचतानाही घोळ होतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि लिहिणारा हात न उचलता पुढे जातो. घाईत लिहिलेल्या उर्दूत नुक्ते गाळलेले असतात. ‘कुनबी’ या शब्दातला नून आणि बे नुक्त्यांशिवाय सारखेच दिसतात, एकेक दात फक्त. पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या कारकुनाने तिथे एक ठिपका दिला की नाही, यावर आज एखाद्या पोरीची फी ठरते.

समजा शब्द सापडला. काम अर्धंच झालं. कारण कागदावर लिहिलेलं असतं, ‘मारुती वल्द राणोजी, कौम कुणबी’. वल्द म्हणजे मुलगा, कौम म्हणजे जात. आडनाव नाही. त्या गावात मारुती तीन असतात. हा आपलाच मारुती, हे दाखवायचं तर मधली प्रत्येक कडी हवी. मारुतीचा मुलगा कोण, त्याची शाळेची नोंद, त्याच्या जमिनीचा फेरफार, मग वडिलांचा दाखला, मग तुमचा. राज्याचा जात प्रमाणपत्राचा कायदा सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर टाकतो. ओबीसींसाठी रहिवासाची तारीख 13 ऑक्टोबर 1967 धरली जाते. साखळीची एक कडी तुटली की वरचं सगळं लोंबकळतं.

म्हणून 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरची दखल घेतली, तेव्हा गावात पेढे वाटले गेले तरी माझ्याकडे येणारे फोटो थांबले नाहीत. गॅझेटियर सांगतं की अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक होते. तुमच्या पणजोबांचं नाव ते सांगत नाही. जमिनीचा कागद नसणाऱ्यांसाठी त्या निर्णयात प्रतिज्ञापत्राची आणि गावसमितीच्या चौकशीची वाट आहे. पण शेवटी प्रश्न नात्याचाच राहतो.

असा शोध आपणच घेतोय असं नाही. आसामात 2019 च्या नागरिक नोंदवहीसाठी लाखो कुटुंबांनी 1951 च्या नोंदवहीत आजोबांचं नाव शोधलं आणि वंशवृक्ष जोडून दिला. 19 लाखांहून जास्त माणसं अंतिम यादीबाहेर राहिली. गंमत म्हणजे 1951 च्या त्याच राष्ट्रीय नोंदवहीचे मराठवाड्यात उरलेले कागद कुणबी नोंदींसाठी चाळले गेले. गोव्यात 19 डिसेंबर 1961 पूर्वी जन्मलेल्या आजोबांचा दाखला लिस्बनला नोंदवून नातवंडं पोर्तुगालचं नागरिकत्व मागतात. अर्जेंटिनातले लोक इटलीतल्या खेड्यांतली चर्चची रजिस्टरं धुंडाळतात. कुणाला पासपोर्ट हवा आहे, कुणाला कॉलेजातली जागा. रीत एकच, मेलेल्या माणसाचा कागद आणि तिथून आपल्यापर्यंतची साखळी.

आणखी एक साम्य आहे. इटलीच्या जुन्या कायद्यात आईकडून नागरिकत्व सहसा मिळत नसे, आणि आजही आईकडून येणाऱ्या हक्कासाठी 1 जानेवारी 1948 ही तारीख आडवी येते. आपल्याकडे पुरावा लागतो तो वडिलांकडच्या रक्तनात्याचा. मराठवाड्याच्या सातबाऱ्यावर बाई येते ती ‘भ्र.’ म्हणून, म्हणजे भ्रतार अमुक. तिच्या नावामागे नवऱ्याचं नाव, आणि तिचं माहेर कुठेच नाही. मी वाचलेल्या वंशावळींच्या तक्त्यांत सात पिढ्या आहेत आणि एकही बाई नाही. कागद बघणाऱ्याला वाटावं, ही माणसं एकमेकांना बापांनीच जन्म दिली.

कागद ज्यांच्या नावाचे आहेत त्यांना निदान शोधायला काहीतरी आहे. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, शाळा नव्हती, जे पालं टाकून फिरत होते, त्यांचं काय? ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्याकडच्या कित्येक कुटुंबांकडे आजोबांचा एक कागद नाही. आणि ओबीसींतल्या लहान जातींची भीतीही खरी आहे. ताटात माणसं वाढली, भाकरी तेवढीच. मराठा घरातल्या पोराचा पाच एकर कोरडवाहूचा हिशेब खरा, तसा त्यांचाही खरा. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणारी पोरं या दोन बाजूंना उभी राहिलेली मी पाहिली आहेत. ऑक्टोबर 2023 अखेरीला बीडमध्ये आणि माजलगावात जाळपोळ झाली, तेव्हा ही दरी किती रुंद झाली होती ते सगळ्यांना दिसलं.

इतिहासाने यात एक उलटी गाठ मारून ठेवली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक कुणबी कुटुंबं जनगणनेत स्वतःला ‘मराठा’ लिहून घ्यायला लागली. त्यात मान होता. कुणबी म्हणजे कसणारा, मराठा म्हणजे लढणारा, असा तो हिशेब. आज त्यांचेच पणतू तो जुना शब्द परत शोधतायत. पणजोबांनी जो रकाना बदलून घेतला असेल, तो बदलण्याआधीचा कागद आता हवा आहे. यात पणजोबांनी फसवलं नाही आणि पणतूही फसवत नाही. दोघांच्या काळात सरकार त्या रकान्यातून वेगवेगळं काही देत होतं, एवढंच.

आता येणाऱ्या जनगणनेत पुन्हा जात विचारली जाणार आहे. घरोघर येणारा माणूस आपलं उत्तर टिपून घेईल आणि ते कुणीतरी, कधीतरी, आपल्याला ठाऊक नसलेल्या कारणासाठी वाचेल.

तोवर तुमच्या हातात एक काम आहे, त्याला कुठलाही दाखला लागत नाही. घरात आजी असेल तर फोनचा रेकॉर्डर लावा आणि विचारा. तिचं माहेर कोणतं, तिच्या आईचं नाव काय, कोणत्या दुष्काळात कोण कुठे गेलं. ही माहिती कोणतीही समिती मान्य करणार नाही. पण ती कोणत्याही स्कॅनमध्येही सापडणार नाही, आणि ती सांगू शकणारी माणसं दर वर्षी कमी होतायत.