कान्हेरीचा विहार आणि त्याचे वाटसरू

कान्हेरीला आपण लेणी म्हणतो आणि तेथेच आपली थोडी फसगत होते. आजच्या मराठीत लेणे म्हणजे एक तर दागिना, नाही तर सुटीच्या दिवशी पाहून यावयाची जागा. तेथील ब्राह्मी लेखांत मात्र 'लेण' हा शब्द येतो तो घर या अर्थाने. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या या डोंगरावर अशी शंभरावर घरे कोरलेली आहेत, आणि सुमारे हजार वर्षे तेथे भिक्षूंची वस्ती होती.

भिक्षू संसार सोडून रानात गेले, ही आपली आवडती समजूत. पण ते गेले कोठे, तर सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांच्या मधोमध! जगाकडे त्यांनी पाठ फिरविली असेल. जगाने त्यांच्याकडे फिरविली नाही. दानलेख वाचावेत म्हणजे हे पटते. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दिले. कोणी गावातले शेत लावून दिले आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्षूच्या चीवरासाठी सोळा कार्षापण नेमून दिले. आणि कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने दिली एक वाट. मला या सर्व दानांत हे दान फार मोठे वाटते. चैत्याच्या खांबांपुढे आपण माना उंच करून उभे राहतो. पण चैत्यापर्यंत पोहोचविणाऱ्या वाटेलाही कोणी दाता असेल, हे आपल्या ध्यानातही येत नाही. त्या डोंगरावरून पायऱ्या चढताना पायांखाली पाहावे. पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

पाण्याची तजवीज तर विलक्षण. बहुतेक घराला स्वतःची पोढी, आणि कातळावरून वाहणारे पावसाचे पाणी तिच्यात आणून सोडणाऱ्या खोदीव पन्हळी. वर्षावासाचे तीन महिने जेथे काढावयाचे, तेथे पावसालाच कामाला लावले आहे.

या वाटेने लांबलांबचे लोक आले. इ. स. ८५३ मध्ये, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या अमलात कोकणावर शिलाहार राज्य करीत असता, गौड देशाच्या अविघ्नाकराने शंभर द्रम्म ठेवून भिक्षूंसाठी सोय केली. गौड म्हणजे बंगाल. तेथला उपासक पश्चिम किनाऱ्यावरच्या विहाराची काळजी वाहतो, यावरून या जागेची कीर्ती कोठवर गेली होती ते समजते.

यापुढचे पाहुणे बौद्ध नव्हतेच. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. यज्दगर्दी सन ३७८ आणि ३९०, म्हणजे इ. स. १००९ आणि १०२१. झरथुष्ट्राचे अनुयायी येथे आले, त्यांनी वर्ष, महिना, दिवस लिहिला, आपली आणि आपल्या वडिलांची नावे कोरली. त्यांनी नवस केल्याचे किंवा दान दिल्याचे त्यात नाही. ते आले, एवढेच. आज कोणी असे नाव कोरले तर तो गुन्हा ठरेल आणि ठरावाच. पण त्यांच्या या उद्योगाबद्दल मात्र इतिहासाने ऋणी राहावे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मोठ्या चैत्यात संत मायकेलचे प्रार्थनामंदिर थाटले. येथील भुयार थेट खंबायतपर्यंत जाते, अशी कथा त्यांच्या इतिहासकारांपैकी दिओगो दो कूतो याने लिहून ठेवली. भुयाराची कथा लवकर पसरते. लोहाराच्या वाटेची पसरत नाही.

त्या पहलवी लेखांचा उलगडा केला तो एडवर्ड वेस्ट याने. हा गृहस्थ पेशाने रेल्वेचा अभियंता. एकोणिसाव्या शतकात मुंबईत नोकरी करता करता कान्हेरीचे लेख उतरून घेण्याचा त्याला नाद लागला आणि त्यापायी तो पहलवीचा पंडित झाला. १८८० साली त्याने ती नावे वाचून प्रसिद्ध केली, तेव्हा ती कोरून साडेआठशे वर्षे उलटून गेली होती.