सोन्याच्या गांवाची वाट

बंगळूरहून पूर्वेस निघालेली मोटार होसकोटे मागें टाकून कोलारला पोंचते. शहराच्या पाठीशीं अंतरगंगेचा खडकाळ डोंगर उभा आहे. हा मुलूख एके काळीं शहाजीराजांच्या जहागिरींत मोडत असे. हैदरअल्लीच्या पित्याची कबरहि येथेंच आहे. पुढें बंगारपेठ लागतें. कानडींत बंगार म्हणजे सोनें. तेथून थोड्याच अंतरावर राखट रंगाच्या टेकड्या दिसूं लागतात. सांजेच्या उन्हांत त्या इतक्या देखण्या वाटतात, कीं प्रवासी गाडी थांबवून पाहत राहतो. परंतु ह्या टेकड्या निसर्गानें रचलेल्या नाहींत. दगड कुटून, त्याच्या चुऱ्यांतून सायनाइडच्या साहाय्यानें सोनें काढून घेतल्यावर उरलेला हा गाळ आहे.

येथील माती धुवून सोनें वेंचण्याची विद्या गांवकऱ्यांना पूर्वापार अवगत होती. मैसूरच्या पूर्व सीमेची मोजणी करणारा लेफ्टनंट जॉन वॉरन ह्यानें १८०२ सालीं ती पाहिली. त्याचा वृत्तांत वाचून मायकेल लॅव्हेल ह्या निवृत्त सैनिकानें १८७३ सालीं मैसूर सरकारकडे परवानगी मागितली. पण त्याच्यापाशीं पुरेसें भांडवल नव्हतें. १८८० सालीं जॉन टेलर आणि मंडळी आली, आणि धंद्याला खरें रूप आलें. १९०२ सालीं कावेरीवरील शिवनसमुद्राची वीज खाणींत पोंचली. बंगळूर शहराला ती मिळण्यास आणखी तीन वर्षें लागलीं.

सोन्यासाठीं खालीं उतरले ते बहुतांशीं तामिळ मजूर. चँपियन रीफ ही खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली. तेथें खडक तापलेला असे, आणि वरच्या भारानें दबलेला दगड अकस्मात् फुटून माणसें गाडलीं जात. ह्याच खाणीच्या अंधारांत १९६५ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना, जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह, वातावरणांत उपजणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा माग लागला.

१९५६ सालीं खाणी मैसूर सरकारकडे आल्या. पुढें टनामागें मिळणारें सोनें घटत गेलें, खर्च वाढत गेला, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजीं काम थांबलें. एकंदर आठशें टनांहून अधिक सोनें येथून निघालें. मागें राहिला हा गाळ; वारा सुटला कीं त्याची धूळ वस्तीवर उतरते. खाणकामगारांचीं मुलें-नातवंडें पहांटेच्या आगगाडीनें बंगळूरला कामास जातात. आपण मौजेनें ज्या दिशेस निघतों, तिच्या उलट दिशेस तीं पोटासाठीं जात असतात. सोनें जेथून निघालें तेथें तें राहिलें नाहीं, एवढें त्या टेकड्या पाहतांना ध्यानांत ठेवावें.