पेटिकोट टेल्स: एका नावाचा माग

भरपूर मोहन घातलेल्या स्कॉटिश शॉर्टब्रेडच्या त्रिकोणी तुकड्यांना ‘पेटिकोट टेल्स’ म्हणतात. शब्दशः अर्थ परकराचे घेर. फ्रान्समध्ये वाढलेल्या स्कॉटलंडच्या मेरी राणीने हा पदार्थ आणला आणि मूळ फ्रेंच नावाचा अपभ्रंश झाला, अशी कथा सर्रास सांगतात. मेरी मायदेशी परतली १५६१ साली. छापील साधने मात्र वेगळ्या दिशेला बोट दाखवतात.

वॉल्टर स्कॉटची ‘द ब्राइड ऑफ लॅमरमूर’ ही कादंबरी त्यानंतर २५८ वर्षांनी, १८१९मध्ये आली. बड्या पाहुण्याच्या स्वागतासाठी गावात चाललेल्या रांधपाच्या वर्णनात स्कोन, सेल्कर्क बॅनक आणि कुकी यांच्या पंगतीला पेटिकोट टेल्स आहेत. हे पदार्थ नव्या पिढीला फारसे ठाऊक नाहीत, अशी पुस्तीही स्कॉट जोडतो. म्हणजे त्याच्या लेखी हे नाव जुने आणि घरगुती होते.

दुसरे साधन अधिक बोलके आहे. ख्रिश्चन इझोबेल जॉन्स्टन या लेखिकेने १८२६मध्ये एडिंबरोत ‘मेग डॉड्स’ या टोपणनावाने पाककृतींचे पुस्तक काढले. पुढे त्यात एका इंग्रज प्रवाशाचे मत नोंदवले गेले: मूळ शब्द ‘पेतित गातेल’, म्हणजे छोटे केक. असे अपभ्रंश होतात, हे लेखिकेला मान्य आहे. पण तिचा कौल आकाराला आहे. दरबारी स्त्रियांच्या जुन्या, घंटेसारख्या परकरांवरून नाव पडले, असे ती म्हणते.

तिची कृतीच याला पुष्टी देते. लाटलेल्या पोळीवर ताट पालथे घालून गोल कापायचा. मधोमध पेल्याने चकती कापून ती अखंड ठेवायची. उरलेल्या कड्याचे आठ तुकडे करायचे. मधली चकती निघाल्यामुळे प्रत्येक तुकड्याचे टोक जाते, वर अरुंद कंबर आणि खाली रुंद घेर उरतो. तो परकरच दिसतो.

शिवाय केकसाठीचा फ्रेंच शब्द ‘गातो’ पुल्लिंगी आहे, तर ‘पेतित गातेल’ हे रूप स्त्रीलिंगी. ‘गातो’च्या ‘गास्तेल’ या जुन्या रूपाचे ‘गास्तो’ तर मेरीच्या काळाआधीच झाले होते, त्यामुळे तिने ‘गातेल’ आणले असणे अवघड.

फ्रेंच मूळ अगदीच अशक्य नाही, पण त्याच्या बाजूने एका प्रवाशाचा तर्क आहे. आकाराच्या बाजूने लिहून ठेवलेली कृती. म्हणून या नावाचे श्रेय राणीला देण्याआधी ते तुकडे रोज कापणाऱ्या, त्यांत परकर ओळखणाऱ्या बायकांना द्यायला हवे.