कारंज्याचा जन्मोत्सव : पोथीतली तिथी आणि परंपरेतली तिथी

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाड येथे पौष शुद्ध द्वितीयेला दत्तसंप्रदायाचे गुरू श्रीनृसिंह सरस्वती यांचा जन्मोत्सव होतो. पुढे दीड महिन्याने, माघ वद्य प्रतिपदेला, कारंज्यापासून नरसोबाची वाडी, औदुंबर आणि गाणगापूरपर्यंत गुरुप्रतिपदा साजरी होते. एक दिवस त्यांच्या जन्माचा, दुसरा गाणगापूरहून त्यांच्या प्रयाणाचा. भक्ताला दोन्ही सारखेच पवित्र आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र विचारावे लागते की या दोन तिथी आपल्यापर्यंत कशाच्या आधारे आल्या.

मुख्य आधार एकच, ‘गुरुचरित्र’. कर्ते सरस्वती गंगाधर. नृसिंह सरस्वतींचे शिष्य सायंदेव हे त्यांचे पूर्वज. ग्रंथात त्यांनी आपली वंशावळ दिली आहे, आणि तिच्यावरून सोळाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास ग्रंथाची रचना मानली जाते. म्हणजे घटना आणि लेखन यांत सुमारे शंभर वर्षांचे अंतर आहे. पण सायंदेवाचे घर हे गुरूंच्या प्रत्यक्ष सहवासातले घर, त्यामुळे तिथे पिढ्यान् पिढ्या जपलेल्या आठवणींचे मोल मोठे आहे.

ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात जन्मकथा येते. गाव कारंजा, वडील माधव, आई अंबा, मुलाचे नाव नरहरी. जन्मताच मुलाने ओंकार उच्चारला आणि मुंजीपर्यंत दुसरा शब्द काढला नाही. मुंज होताच त्याच्या मुखातून वेद प्रकटले. पुढे घर सोडून तो काशीला गेला आणि तिथे कृष्ण सरस्वतींकडून त्याने संन्यास घेतला. तेराव्या अध्यायात संन्यासी झालेला हा पुत्र आईवडिलांना भेटायला पुन्हा कारंज्यात येतो. एकाच ग्रंथात गावाचा असा दोनदा, तोही तपशिलाने, उल्लेख आहे. जन्मस्थळाबद्दलचा हा पुरावा भक्कम मानायला हवा. जन्म मात्र शुभ दिवशी झाला, एवढेच ग्रंथ सांगतो. महिना, पक्ष आणि तिथी त्यात नाहीत.

प्रयाणाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. एकावन्नाव्या अध्यायात काळाची नोंद नेमकी आहे : बहुधान्य संवत्सर, माघ महिना, वद्य पक्ष, प्रतिपदा, गुरू कन्या राशीत. ही नोंद तपासून पाहता येते. बहुधान्य संवत्सर साठ वर्षांनी येते, म्हणून विचारात घेण्याजोगी वर्षे तीनच उरतात : शके १३२०, १३८० आणि १४४०. शके १३२० च्या माघात गुरू सिंहेत येतो, कन्येत नाही. शिवाय नृसिंह सरस्वतींकडे आलेला यवन राजा बिदरचा होता असे पन्नासावा अध्याय सांगतो, आणि बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला गेली ती पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. शके १४४० घेतले, तर सायंदेवापासून सरस्वती गंगाधरांपर्यंतच्या पिढ्यांना पुरेशी वर्षेच मिळत नाहीत. शके १३८० च्या माघात, म्हणजे इसवी सन १४५९ च्या आरंभी, गुरू कन्येतच होता. संवत्सर, ग्रह, राजधानी आणि वंशावळ अशा चार दिशांनी तपासले तरी उत्तर तेच येते. गुरुप्रतिपदेची तिथी ही अशी लिखित नोंदीवर उभी आहे.

पौष शुद्ध द्वितीया आणि शके १३०० (इसवी सन १३७८) हे जन्मवर्ष संप्रदायाच्या परंपरेने जपले आहे. मुख्य ग्रंथात तिथी नाही, एवढ्यावरून परंपरा खोटी ठरत नाही. तिचा दर्जा वेगळा आहे, इतकेच.

संतांच्या उत्सवाबाबत हे जगभर घडले आहे. आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा सण १७ मार्चला न्यूयॉर्कपासून कॅरिबियनमधल्या मॉन्टसेराट बेटापर्यंत साजरा होतो. त्यांची स्वतःची दोन लॅटिन लेखने उपलब्ध आहेत, पण त्यांत ना जन्माचे साल आहे ना तारीख. १७ मार्च हा परंपरेने मानलेला त्यांचा निधनदिन. या सणाची सर्वांत जुनी ज्ञात मिरवणूक फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन या स्पॅनिश वसाहतीत १६०१ साली निघाली. हे कळले तोफांच्या दारूच्या हिशेबातून. सणाला तोफा उडाल्या, दारू खर्च झाली, कारकुनाने खर्च टिपून ठेवला, आणि चारशे वर्षांनी त्याच नोंदींवरून एका इतिहासकाराने ती मिरवणूक शोधून काढली. खुद्द डब्लिनमध्ये सरकारी संचलन सुरू झाले ते १९३१ साली. मायभूमीतला सार्वजनिक सोहळा पुष्कळदा परगावच्या सोहळ्यापेक्षा उशिरा उभा राहतो.

कारंज्याचेही तसेच झाले. वाडी आणि गाणगापूर येथे गुरूंचे दीर्घ वास्तव्य झाले, पादुका राहिल्या, पूजेची व्यवस्था लागली. कारंज्यात फक्त बालपण गेले. वासुदेवानंद सरस्वती अर्थात टेंबे स्वामी (१८५४–१९१४) यांनी या जन्मस्थानाकडे भक्तांचे लक्ष वेधले, असे संप्रदायात सांगतात. पुढे ब्रह्मानंद सरस्वती ऊर्फ लीलादत्त यांच्या हस्ते शके १८५६ च्या चैत्र वद्य प्रतिपदेला, म्हणजे १९३४ साली, येथे पादुकांची स्थापना झाली. प्रयाणानंतर पावणेपाचशे वर्षांनी जन्मभूमीला गुरुमंदिर मिळाले.

त्याच वर्षी याच गावाच्या नावाने चालणाऱ्या कारंजा जैन ग्रंथमालेत डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेले ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश काव्य प्रसिद्ध झाले. कारंज्याच्या जैन मंदिरांतल्या भांडारांनी शेकडो वर्षे पोथ्या सांभाळल्या, म्हणून अपभ्रंश साहित्याचा मोठा ठेवा अभ्यासकांच्या हाती लागला. कागद जपण्याची परंपरा या गावाला परकी नाही.

म्हणून कारंजेकरांना आणि वऱ्हाडातल्या सर्व दत्तभक्तांना एक विनंती आहे. जन्मोत्सवाच्या जुन्या पत्रिका, वर्गणीच्या वह्या, अन्नदानाचे हिशेब, यात्रेकरूंची पत्रे, छायाचित्रे ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. त्यांच्यावर साल लिहावे आणि प्रत काढून ती गावातल्या वाचनालयात किंवा संस्थानात ठेवावी. नृसिंह सरस्वतींच्या प्रयाणाची तिथी आपल्याला ठाऊक आहे, कारण कोणीतरी ती लिहून ठेवली. कारंज्याच्या उत्सवाचा इतिहासही लिहूनच टिकेल.